सत्कार झाला, वाजवायचं राहिलं

आमच्या कपाटाचा वरचा अख्खा कप्पा शालींनी भरलाय. त्या सगळ्या मला मी पियानो वाजवतो म्हणून मिळाल्या. आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत मी घराबाहेर एकाही माणसापुढं पियानो वाजवलेला नव्हता. आता हे कसं काय, असं कुणीही विचारेल. मलाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला विचारायचं हेच कळत नव्हतं.

मी बारामतीत एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. मूळ गाव पळसदेवकडचं, धरणाच्या पाण्याकाठी. लग्नाआधी काही वर्षं पुण्यात नोकरीला होतो, तेव्हा कॅम्पात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात खोली घेतली होती. त्यांच्या दिवाणखान्यात एक जुना पियानो होता. एकदा तो भिंतीपासून जरा सरकवायला त्यांनी मला हाक मारली. सरकवला, आणि जाता जाता एक पट्टी दाबून बघितली. ती दाबली ती दाबलीच. पुणं सुटेपर्यंत रोज संध्याकाळी बाई मला शिकवत होत्या आणि माझ्या बोटांवर पेन्सिल मारत होत्या.

बारामतीला आल्यावर मी विजेवर चालणारा, पण पूर्ण लांबीचा पियानो घेतला. खरा लाकडी पियानो आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढवायचा तर ऊसतोडीची टोळी बोलवावी लागली असती. शेजारचे आबा बघायला आले. म्हणाले, “पेटी लईच लांब हाय की. भाता कुठं हाय हिचा?” भाता नाही म्हटल्यावर त्यांना माझी कीव आल्यासारखं वाटलं.

“येतंय ना वाजवायला, मग वाजव की घरात,” असं लोक म्हणतात. अरे, पण रोज आपणच पुरणपोळी करायची आणि दार लावून आपणच खायची, याला काय अर्थ आहे? मला कुणीतरी ऐकायला हवं होतं. टाळ्यांसाठी नाही. खोटं कशाला बोलू, थोडंसं टाळ्यांसाठीही. पण खरी अडचण अशी होती की मी जे वाजवतो ते संगीत आहे की नुसता बोटांचा व्यायाम, हे मला काही केल्या कळत नव्हतं. गणिताचं उत्तर ताडून बघता येतं. याचं उत्तर ऐकणाऱ्याच्या तोंडावरच बघावं लागतं.

घरात बायको होती ऐकायला, नाही असं नाही. वाटाणे सोलता सोलता ऐकायची आणि शेवटी “छान” म्हणायची. एकदा मी मुद्दाम मधला सगळा भाग चुकीचा वाजवला. तर म्हणाली, “आज जास्तच छान झालं.” त्यानंतर तिच्या छानवरचा माझा विश्वास उडाला. तिला तसं सांगितल्यावर ती म्हणाली, “मग मी काय म्हणू ते तुम्हीच लिहून द्या.”

शेवटी मी तात्यांना गाठलं. तात्या म्हणजे माझे चुलते. माझे वडील लवकर गेले, त्यानंतर आम्हाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. पद म्हणावं तर त्यांच्याकडं कुठलंच नव्हतं, पण बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुठलीही वास्तुशांत, कुठलंही उद्घाटन तात्या खुर्चीवर येऊन बसल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. त्यांचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे. मी म्हटलं, तात्या, मला कुठं कार्यक्रमात वाजवायला मिळेल का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “मिळंल की. सांगतो मी लोकास्नी,” म्हणाले.

आणि खरंच बोलावणी यायला लागली.

पहिलं बोलावणं इंदापूरहून आलं, एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं. मी पियानो गोधडीत गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घातला आणि सगळ्या रस्त्यानं खड्डे चुकवत गेलो. स्टेजवर माझं नाव घेताना सूत्रसंचालकाने “सुप्रसिद्ध पियानोवादक” म्हटलं. मला हसू आलं, पण आतून बरंही वाटलं. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, फोटो झाला. मला पुढच्या सोफ्यावर बसवलं. मग भाषणं सुरू झाली. मी मांडीवर बोटं हलवत बसलो, आता हाक येईल, मग हाक येईल. राष्ट्रगीत झालं आणि माइकवरून सांगितलं, अल्पोपाहार घेतल्याशिवाय कुणीही जाऊ नये. मी संयोजकांकडं गेलो तर ते दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाले, “सर, तुमच्यामुळं कार्यक्रमाला शोभा आली.” मी गोधडीतला पियानो तसाच परत घेऊन आलो.

वाटलं, पहिलीच वेळ आहे, वेळेचं गणित चुकलं असेल. पण पुढंही तेच. दूध डेअरीच्या कार्यक्रमात तेच, आमच्याच कॉलनीच्या गणपतीत तेच. सत्कार व्हायचा, वाजवायचं राहायचं. कुणी नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. फेटा बांधलेल्या माणसाने भांडायचं तरी कसं?

अंथुर्ण्याच्या वास्तुशांतीला मात्र माझा तोल गेला. तिथं मी बायकोला घेऊन, ठरवूनच गेलो होतो. साउंडवाल्याशी आधीच बोलून वायर मागून ठेवली, मांडवाच्या कोपऱ्यात स्टँड उघडला, पियानो त्यावर ठेवणार इतक्यात घरमालक धावत आले. “सर, तुमी कशाला वजं उचलताय? आमी मेलोय का?” असं म्हणून त्यांनी दोघांकरवी स्टँड मिटवला आणि सगळं सामान माझ्या गाडीत नीट, अगदी उशी लावून ठेवून दिलं. मग माझा सत्कार केला. मग जेवायला बसवलं. मी ताट पुढं सारलं आणि म्हणालो, मला शाल नको, नारळ नको, मला वाजवायचंय, नाहीतर मी जेवणार नाही.

चार कर्ती माणसं बाजूला जाऊन कुजबुजली. मला अधूनमधून ऐकू येत होतं. “पावणं रुसलं. मान कमी पडला वाटतं.” “अध्यक्षाला मोठी शाल दिली नं, ती बघितली त्यांनी.” आणि काय सांगावं, थोड्या वेळात ते सगळे परत आले ते आणखी एक शाल घेऊन. ती आधीच्या दुप्पट जाड होती. माझ्या बायकोची ओटी भरली. घरमालकांनी हात जोडून म्हटलं, “चुकलं आमचं, पदरात घ्या. आता घास घ्या, सर.” मी सांगतोय काय आणि यांना ऐकू जातंय काय. घास घ्यावाच लागला. बायको बारामती येईपर्यंत गाडीत हसत होती. घरी जिना चढताना म्हणाली, “अजून एकदा कुठंतरी रुसा ना. फ्रीज जुना झालाय.”

तिला हसायला काय जातंय. माझं डोकं मात्र भणभणत होतं. हे लोक माझा मान राखतायत की मला टाळतायत? मान राखतायत म्हणावं तर माझी एकच गोष्ट ऐकत नाहीत. टाळतायत म्हणावं तर पुन्हा पुन्हा बोलावतात कशाला? डाळजचे एक ओळखीचे गृहस्थ एकदा म्हणाले, “सर, वाजवायला वाजंत्री असत्यात की. त्यांची पंगत येगळी, तुमची येगळी. तुमच्यासारख्या माणसाला वाजव कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?” मला ते पटलं. म्हणजे कारण म्हणून पटलं, बाकी काही पटलं नाही. मग मी वाजंत्र्यांच्या पंगतीत जाऊन बसू का, असं विचारलं तर ते म्हणाले, “आता तुमी चेष्टा कराय लागला.”

मी तात्यांकडं गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी सगळी हकिकत सांगितली.

“शाल मिळती नव्हं?” तात्यांनी विचारलं.

“मिळते.”

“मग झालं तर.”

“तात्या, निदान तुम्ही तरी एकदा ऐका. लोकांचं जाऊ दे.”

“ऐकू की,” ते म्हणाले. “मी काय कुठं चाललोय व्हय?” आणि पुन्हा सुपारीकडं वळले. मला फार लागलं ते. ज्या माणसाने मला पाढे म्हणायला लावून प्रत्येक पाढ्याला गुळाचा खडा दिला, त्याला माझं वाजवणं ऐकायला एक दुपार सापडू नये, याचं वाईट वाटलं. तरी मी मनात म्हणालो, बोलावणी तेच मिळवून देतात, म्हणजे अभिमान असेलच. बोलून दाखवत नसतील. आमच्या घराण्यात कुणीच काही बोलून दाखवत नाही.

मी वाट बघणं सोडलं नाही. पियानो गाडीतच ठेवायला लागलो. रात्री वर आणायचा, वाजवायचा, सकाळी परत खाली. संधी काय सांगून येते थोडीच. बायको म्हणायची, स्टेपनी काढून ठेवलीत आणि हे धूड घातलंत, एक दिवस रस्त्यात बसाल वाजवत.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. संध्याकाळी गोठ्याकडं चक्कर मारून आले, पाणी मागितलं आणि तांब्या येईपर्यंत आटोपलं होतं. मी वडलांच्या वेळी लहान होतो, रडलो की नाही ते आठवत नाही. तात्यांच्या वेळी मात्र लहान मुलासारखा रडलो, चारचौघांत, लाज न बाळगता.

दहावा पाण्याकाठी होता. दोन्ही तालुक्यांतली माणसं लोटली होती. मांडव घातला होता, जनरेटर लावला होता, साउंडवाल्याने भोंगे बांधले होते. प्रवचनाला येणारे महाराज डाळजपाशी हायवेला अडकले होते, म्हणून पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं लांबत चालली होती. तात्यांच्या दोन्ही मुलांनी मुंडण केलेलं. पिंड मांडले आणि सगळे मागं सरून उभे राहिले.

कावळा शिवेना.

आमच्याकडची समजूत अशी की गेलेल्या माणसाचं मन कुठं अडकलेलं असलं तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरचा एकेकजण पुढं होऊन हात जोडतो आणि शब्द देतो. थोरला म्हणाला, “तात्या, आईला अंतर देणार न्हाय.” धाकटा म्हणाला, “आमी भाऊ भाऊ बांधावरनं भांडणार न्हाय.” हे तो थोरल्याकडं बघत म्हणाला. कुणी पेढा ठेवला, कुणी बशीत चहा ओतून ठेवला, कुणी चिमूटभर तंबाखू. कावळे होते, भरपूर होते, पण ते बाभळीवर बसून कोळ्यांनी वाळत घातलेल्या मासळीकडं बघत होते. ऊन चढलं. माणसं घड्याळाकडं आणि मग स्वयंपाकाच्या मांडवाकडं बघायला लागली.

तेव्हा बायकांमधून काकी उठली. काकी म्हणजे तात्यांची बायको.

“त्येला वाजवू द्या,” ती माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली. “पुतण्याला. तितं अडलंय ते.”

सगळे माझ्याकडं वळले. माझा आजवर सत्कार केलेली झाडून सगळी माणसं तिथं हजर होती. इंदापूरचे वाचनालयवाले होते, अंथुर्ण्याचे घरमालक होते. कुणीतरी म्हणालं, “व्हय की, तात्यांचं ऐकायचं राहिलं असंल.” लगेच पाचसहाजणांनी माना हलवल्या. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तडफडलो ते असं, इथं, पिंडासमोर करायचं? नाही म्हणावं तर तात्या अडकलेले. हो म्हणावं तर दहाव्याला पियानो कुणी वाजवलाय?

चुलतभावांनीच गाडीतून पियानो आणला. अंथुर्ण्याचे घरमालक स्टँड उघडायला पुढं झाले आणि त्यांना तो उघडता येईना. साउंडवाल्याने वायर दिली. प्लास्टिकची खुर्ची बुटकी पडत होती, तिच्यावर पोत्याची घडी टाकली. मला पूर्ण येते अशी एकच मोठी रचना आहे, परदेशातली, संथ, डावा हात विचारतो आणि उजवा बराच वेळ उत्तरच देत नाही अशी. तीच सुरू केली.

भोंग्यांतून आवाज पाण्यावर गेला. माझं वाजवणं एवढं मोठं मी स्वतःही कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला एवढी माणसं, शिट्टी नाही, खोकला नाही, मोबाईलसुद्धा नाही. आणि त्यातला एकही जण माझ्याकडं बघत नव्हता. सगळे पिंडाकडं बघत होते. मला उत्तर बघायचं होतं लोकांच्या तोंडावर, आणि मला दिसत होत्या नुसत्या पाठी. मी कुणासाठी वाजवत होतो? तात्यांसाठी? कावळ्यासाठी? की जेवणं खोळंबलीत म्हणून? काही सुधरत नव्हतं. तरी मध्ये एक जागा अशी आली की मला वाटलं, अरे, हे बरं चाललंय, हे खरंच बरं चाललंय. आणि पाठोपाठ वाटलं, तात्या असते तर. डोळे भरून आले, पट्ट्या दिसेनाशा झाल्या, बोट भलतीकडं पडलं. मी हात उचलले. अजून बरंच राहिलं होतं, पण मला पुढं जाता येईना.

सगळं शांत झालं. त्या शांततेत एक कावळा बाभळीवरून उतरला, दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि शिवला.

“शिवला, शिवला,” लोक म्हणाले. हात जोडले गेले. काकीने पदर डोळ्यांना लावला. मग माणसं कपडे झटकत जेवणाच्या मांडवाकडं निघाली. टाळ्या वाजवायचा प्रश्नच नव्हता, दहाव्याला कोण टाळ्या वाजवतं. अंथुर्ण्याचे घरमालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, तुमच्यामुळं शिवला.” त्यांच्या मागं साउंडवाला वायर गुंडाळत होता, तो म्हणाला, “थांबला ते बेस केलं. आवाजाला भ्यालं व्हतं ते.” दोघंही अगदी खात्रीनं बोलत होते. मी दोघांनाही हो म्हणालो.

म्हणजे मी वाजवलं म्हणून कावळा आला की वाजवायचं थांबलो म्हणून? गणित शिकवणाऱ्याने असले प्रश्न विचारू नयेत, कावळ्याला भूक लागली होती एवढंच. हे मला कळतं. पण कळून काय उपयोग?

जेवणं उरकल्यावर मी काकीपाशी जाऊन बसलो. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

“काकी, तात्यांना ऐकायचं होतं, हे तुला बोलले होते का कधी?”

“ऐकायचं कुठं राहिलं व्हतं?” काकी म्हणाली. “तुला वाजवू द्यायचं राहिलं व्हतं. त्यांनीच सगळीकडं निरोप धाडलेलं. पुतण्याचा मान करा, फेटा बांधा, पर वाजवू देऊ नका. ते मनाला लागून राहिलं व्हतं त्यांच्या.”

मला आधी कळलंच नाही. मग एकेक शाल, एकेक नारळ डोळ्यांपुढून गेला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्यांचा दहावा चाललाय त्यांच्यावर रागवायचं कसं, हेही कळेना.

“पण का? मी वाजंत्री ठरेन म्हणून?”

“न्हाय रं. त्यांना कशाचं आलंय तसलं.” काकीने पाय जवळ घेतले. “मागं, तू त्यांना कार्यक्रमाचं इचारायच्या आधी, बारामतीला दवाखान्यात गेलं व्हतं. तितनं तुज्याकडं आलं. तू वाजवत व्हतास. दाराभाईर पायरीवर बसलं. बेल न्हाय वाजवली, आत बी न्हाय आलं.”

“मला कधी सांगितलं नाही त्यांनी.”

“कुणालाच न्हाय सांगितलं. घरी आलं ते गप. नीट जेवलं बी न्हाय. मग मला म्हणलं, हे त्यानं चारचौघांत वाजवायचं न्हाय.”

“वाईट वाजत होतं म्हणून?”

“मी इचारलं न्हाय.”

“मग चांगलं वाटलं होतं? काकी, नीट आठव. तोंड कसं होतं त्यांचं?”

“तोंड व्हय?” काकीने आठवून बघितलं. “तोंड त्यांचं नेहमीसारखंच व्हतं, लेकरा.”

बाहेर भांडी घासायचा आवाज येत होता. तात्यांनी दिलेलं उत्तर माझ्यापर्यंत पोचलं होतं, आणि ते काय होतं हे सांगणारं माणूस आता उरलं नव्हतं. किती वेळ बसले होते, एवढंच विचारलं.

“तू थांबंस्तवर,” काकी म्हणाली. “तू थांबल्यावर उठलं, अन् यष्टीला गेलं.”